भिंतीपलीकडचा खर्ज

मावशींना गाणी अर्धीच यायची, आणि तीसुद्धा खालची अर्धी. चारचौघांना गाणं आठवतं ते शब्दांनी, नाहीतर चालीने. मावशींना आठवायचं ते धुम, धुम-धुम, धुम. भांडी घासताना त्या तेच गुणगुणायच्या आणि लेकीला लहानपणी झोपवलंही त्यांनी त्याच्यावरच. शाळेत जाईपर्यंत त्या पोरीची समजूत होती की अंगाईला शब्द नसतातच.

दोष कुणाला द्यायचाच तर तो घराच्या भिंतीला द्यावा लागेल. मावशी घरीच केक करायच्या. गल्लीत त्यांना केकवाली मावशी म्हणत. स्वयंपाकघराला लागून मागे एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत त्यांचा नवरा रोज संध्याकाळी बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांचं, विजेवर चालणारं, गाण्याच्या तळाशी बसून बाकीच्यांना सांभाळून घेणारं ते वाद्य. बँडमधल्या मित्रांनी या बेसवाल्याचं नाव खर्जराव ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की बायकोही चिडली की तेच म्हणायची.

लेक तान्ही असताना मावशींनी नियम केला होता: वाजवायचं तर दार लावून. लेक मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, पण नियम घरातच राहिला. संध्याकाळ झाली की मावशी म्हणायच्या, "झालं का तुमचं धुमधुम सुरू?" त्यांना म्हणायचं असायचं, चला, संध्याकाळ झाली. खर्जरावांना ऐकू यायचं, बंद करा. ते बिचारे आवाज आणखी कमी करायचे आणि वाजवत राहायचे. नवराबायकोचा हा गैरसमज तीसेक वर्षं सुखाने नांदत होता.

आवाज कितीही कमी केला तरी खर्ज भिंतीतून यायचाच. तारांची टणटण, बोटांची खसखस दाराशीच अडायची. पलीकडे यायचा तो फक्त खालचा आवाज. भिंतीतून तो भिंतीला टेकलेल्या ओट्यात उतरायचा, ओट्यातून त्यावर टेकवलेल्या मावशींच्या कोपरात, आणि तिथून थेट क्रीमच्या पिशवीत. केकच्या कडेने क्रीमचे शंख काढायचे असतात. दाब, ओढ, सोड. दाब, ओढ, सोड. शेवटचा शंख पहिल्या शंखाला येऊन मिळेपर्यंत सगळे एका मापाचे यायला हवेत. मावशींचे यायचे. लोक विचारायचे, "मशीनने काढता का हो?" मावशी नुसत्या हसायच्या. कारण आपला हात कुणाच्या तालावर चालतो याचा त्यांनीही कधी विचार केला नव्हता.

एकदाच त्या बँडच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. समोर बसून अख्खं गाणं ऐकल्यावर त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं, "हे कुठलं हो? नवीन आहे का?" ते गाणं खर्जराव त्यांच्या भिंतीपलीकडे कित्येक वर्षं वाजवत होते. मावशींना ते ओळखूच आलं नाही. घरी येताना म्हणाल्या, "खालचं चांगलं होतं. वर एवढी गर्दी कुणी केली होती?"

*

खर्जराव कामाला होते रंगांच्या दुकानात. दुकान त्यांचं नव्हे, पण गिऱ्हाइकं मालकाला ओलांडून त्यांच्याकडे यायची. त्यांच्या लेखी पांढरा असा रंगच नव्हता. पांढरे होते, आणि ते चाळीस होते. नवं घर घेतलेलं जोडपं पांढऱ्याच्या छटांची दोन कार्डं समोर धरून हमरीतुमरीवर आलं की खर्जराव चष्मा वर सरकवत एकच प्रश्न विचारायचे, "खोलीला खिडकी कुठे आहे?" उत्तर मिळालं की त्यांचं बोट लगेच एका कार्डावर पडायचं. "हा घ्या. तो दुसरा दुपारनंतर आजारी दिसेल." जोडपं खूश होऊन जायचं आणि वर्षभराने दुसऱ्या खोलीसाठी परत यायचं.

हाच माणूस स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की हातपाय गाळायचा. चष्म्याची फ्रेम निवडायला त्यांनी इतके दिवस लावले की तोवर चष्म्याचा नंबर बदलला. दात घासायचा ब्रश आणायला पाठवलं तर दोन घेऊन आले, आणि दोन्हींवर अन्याय नको म्हणून आलटून पालटून वापरू लागले. मावशींनी एकदा विचारलं होतं, "एवढं सगळं अवघड जातं, तर लग्नासाठी मला कसं निवडलंत?" खर्जराव निरागसपणे म्हणाले, "मी कुठे निवडलं? तूच हो म्हणालीस."

त्यात त्यांचा बेस गेला. गेला म्हणजे चोरीला नाही, पडून फुटलाही नाही. वयोमानाने त्याची मान, म्हणजे वरचा लांब दांडा, पिळवटली. तारा पट्टीपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबताना बोटांची सालं निघायला लागली. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवली, मग दुसरा डोळा मिटून फिरवली आणि म्हणाला, "काका, याला आता भिंतीवर टांगा. सरळ करायला गेलो तर हातात दोन तुकडे येतील."

बेस भिंतीवर गेला. पहिला आठवडा मावशी म्हणाल्या, "सुटले बाई!" दुसऱ्या आठवड्यात एका मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर शंख मोठे मोठे सुरू झाले आणि येता येता निम्म्यावर आले. मावशींनी ते खरवडून काढले. पुन्हा काढले तर पुन्हा तेच. रेडिओ लावून पाहिला. तर गाणारी बाई तान घ्यायची आणि मावशींचा हात तिच्यामागे धावायचा. केकची कड भुंग्याने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. शेवटी त्यांनी रेडिओ बंद केला, कोपर ओट्यावर टेकवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ओटा नुसता गार आहे.

त्यांना एकदम रडूच आलं. मग स्वतःचाच राग आला, कारण केकवर पाणी पडलं होतं.

*

नवा बेस घ्यायचं ठरलं होतं, तसं म्हणायला. वाद्यांच्या दुकानात दोन आले होते आणि खर्जराव दर शनिवारी तिथे जाऊन बसायचे.

"दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच घडणीचे," घरी येऊन ते सांगायचे. "अंग तेच, तारा त्याच, बटणं तीच. फरक काय तो मानेवरच्या पट्टीचा. बोटं दाबतो ना आपण, ती पट्टी. एकाची गडद आहे, शिसवीची. दुसऱ्याची फिकट, मेपलच्या लाकडाची."

"मग?"

"शिसवीचा आवाज कसा, मऊ येतो. गोड. मेपलचा टणक, स्वच्छ."

"मग गोड घ्या."

"पण स्वच्छही हवा ना गं."

"मग स्वच्छ घ्या."

"तू समजतेस तितकं ते सोपं नाही," खर्जराव म्हणायचे आणि चहा गार होईपर्यंत भिंतीवरच्या जुन्या बेसकडे बघत बसायचे.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. दुकानात बसून त्यांना दोन आवाजांतला फरक ऐकू यायचा. तो कानात जपून ते बसमध्ये बसायचे आणि घरी येईपर्यंत कुठला आवाज कुणाचा, हेच विसरायचे. शिवाय सल्ला द्यायला जग बसलेलंच होतं. बँडचा गायक म्हणाला फिकट. ड्रम वाजवणारे दातांचे डॉक्टर म्हणाले गडद. रंगांच्या दुकानाचा मालक, ज्याला गिटार कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नव्हतं, तो म्हणाला, "दोन्हींच्या मधला नाही का मिळत?" खर्जराव त्यावरही दोन दिवस विचार करत होते.

लेकीचा फोन आला तेव्हा मावशींनी सगळं सांगितलं.

"आई, मग तूच घेऊन टाक ना एक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बाबांना तरी कुठे कळतंय?"

ते मावशींच्या डोक्यात राहिलं.

एके दिवशी दातांचे डॉक्टर केक न्यायला आले. दातांच्या डॉक्टरांनी केक न्यावेत यावर गल्लीत पुष्कळ विनोद व्हायचे आणि डॉक्टर स्वतःच त्यात पुढे असायचे. "मावशी गोड भरवतात, मी दात भरतो. दोघांचं दुकान चालतंय." त्यांच्याच दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट गेले की, बँडचा सराव चालायचा. त्या दिवशी मात्र विनोद न करता ते खोक्याची दोरी उगीच सोडून पुन्हा बांधत राहिले.

"वहिनी, एक सांगायचं होतं. एका कार्यक्रमाचं बोलावणं आलंय. आम्ही खर्जरावासाठी थांबलोय, पण बेसशिवाय सराव म्हणजे नुसता गोंगाट होतो. गायकाच्या ओळखीचा एकजण आहे वाजवणारा. पुढच्या आठवड्यापासून त्याला बोलवू म्हणतोय."

"तोपर्यंत यांनी घेतला तर?"

"घेतला तर हवाच आहे हो! त्याच्यासारखा नाही मिळणार दुसरा. पण वहिनी, तो घेईल का?"

संध्याकाळी मावशींनी हे जसंच्या तसं खर्जरावांना सांगितलं. वाटलं होतं, ते चवताळून उठतील. ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं. मीही तेच म्हणत होतो. आता वयही झालं. कशाला तो नवा बेस आणि कशाला ते सगळं. उद्या जाऊन दुकानदाराला नाही म्हणून सांगून टाकतो. किती दिवस त्याला तिष्ठत ठेवायचं?" आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

तो श्वास ऐकून मावशी घाबरल्या. वय झालं हे खोटं होतं, हे त्यांना कळत होतं. निवडायची कटकट टळावी म्हणून हा माणूस बेसवरच पाणी सोडायला निघाला होता. आज बेस, उद्या बँड, मग शनिवारी संध्याकाळी खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघणं. असे नवरे त्यांनी गल्लीत पाहिले होते. त्या रात्री त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं, आणि भांडायचं कशासाठी तर ज्या धुमधुमीला जन्मभर नावं ठेवली तिच्यासाठी.

*

दुसऱ्या दिवशी खर्जराव कामावर गेले तशा मावशी वाद्यांच्या दुकानात जाऊन धडकल्या. दुकानदार काउंटरमागे एका गिटारला तारा चढवत होता. मावशींनी ओळख सांगितली मात्र, तो उभाच राहिला.

"तुम्ही काकांच्या मिसेस? या, या, बसा! या स्टुलावर बसा. काकांचंच आहे हे."

"आज ते येणार आहेत तुमच्याकडे. नको म्हणून सांगायला," मावशी म्हणाल्या. "त्याआधी मला यातला एक घ्यायचाय. दाखवा."

दोन बेस भिंतीवर शेजारी शेजारी टांगले होते. अंगाने जुळे, एकाची मान चहाच्या रंगाची, दुसऱ्याची तुपाच्या. दुकानदाराने पहिला घेतला, अँप्लिफायरला जोडला आणि वाजवला. मग दुसरा. मावशी कान टवकारून बसल्या होत्या. ऐकू आलं ते सगळं अनोळखी. तारांवर घासणारी बोटं, टणत्कार, खटखट. आपल्या घरी रोज येणारा आवाज यांतल्या एकातही नव्हता.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "या पट्टीने खरंच एवढा फरक पडतो?"

दुकानदाराने मान खाजवली. "पडतो म्हणणारे आहेत, नाही पडत म्हणणारेही आहेत. माझ्या दुकानात दोघांची भांडणं झालीयेत. मला विचाराल तर काही दिवशी मला ऐकू येतो, काही दिवशी नाही. पण शपथेवर सांगा म्हणालात तर मी दुकान बंद करून घरी जाईन."

मावशींनी दुकानभर नजर फिरवली. "त्या दाराच्या मागे काय आहे?"

"गोदाम. रिकामी खोकी आहेत."

"मी तिथे जाते. तुम्ही दार लावा आणि वाजवा."

दुकानदाराने पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. वाद्य ऐकायचं म्हणून दुसऱ्या खोलीत जाणारं हे पहिलंच. पण काकांनी त्याला इतकं पिडलं होतं की त्यांच्या बायकोने छतावर बसून ऐकते म्हटलं असतं तरी त्याने शिडी दिली असती.

गोदामात मावशींनी भिंतीला टेकलेलं एक मोठं खोकं शोधलं. त्यावर धुळीचा जाड थर होता. त्यांनी कोपर टेकवलं. पलीकडे दुकानदार सुरू झाला आणि आवाज भिंतीतून आला, अगदी तसाच, कोपरातून वर. मावशींचा जीव भांड्यात पडला. पण दुकानदार वाजवत होता ते भलतंच, भरभर, उड्या मारत.

"इतकं नको हो!" त्या आतून ओरडल्या. "सावकाश! धुम, धुम-धुम, धुम!"

दुकानदाराने तसं वाजवलं. मग बेस बदलून तेच वाजवलं. मावशींनी दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. ठोके बरोबर होते, जागा बरोबर होत्या, पण हात काही हलेना. ते घरातलं नव्हतं. गडद म्हणा की फिकट, दोन्ही परके. मावशी खोक्यावर हनुवटी टेकवून बसून राहिल्या. आपण मोठ्या तोऱ्यात आलो आणि आपल्यालाही निवडता येत नाही, या विचाराने त्या हिरमुसल्या. लेक म्हणाली होती, बाबांना तरी कुठे कळतंय. आता आई आणि बाबा, दोघेही.

मग बाहेर दुकानाच्या दाराची घंटी वाजली. कुणीतरी आलं होतं. बोलणं झालं, पण दारातून शब्द काही कळेनात. मावशी उठणार, तेवढ्यात भिंतीतून पुन्हा आवाज आला.

धुम. धुम-धुम. धुम.

मावशींचा हात आपोआप उठला. बोट खोक्यावरच्या धुळीत टेकलं आणि चालायला लागलं. दाब, ओढ, सोड. दाब, ओढ, सोड. धुळीत शंख उमटत गेले, एकामागे एक, सगळे एका मापाचे. दार उघडायची गरजच नव्हती. पलीकडे कोण बसलंय ते त्यांच्या कोपराला कळलं होतं.

वाजवणारा थांबला. जरा वेळाने दुसऱ्या बेसवर तेच सुरू झालं. मावशींनी त्याखाली शंखांची दुसरी ओळ काढली. मग पुन्हा सगळं थांबलं आणि बाहेर कुणीतरी स्टूल सरकवलं. मावशी वाकून दोन्ही ओळींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दार धाडकन उघडलं.

खर्जराव फिकट मानेचा बेस भिंतीवर परत टांगत होते. गोदामातून बायको बाहेर येते म्हटल्यावर त्यांच्या हातून तो पडायचाच राहिला. दुकानदाराने खालून धरला.

"अगं, तू? इथे? आणि हे काय, धुळीने माखलीस नुसती!"

"तुम्ही कामावर होतात ना?"

"मालकाला सांगून आलो. म्हटलं, नाही म्हणायचंच आहे तर..." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हटलं, शेवटचं एकदा वाजवून बघावं. तू आत काय करत होतीस?"

"या, दाखवते."

त्यांनी नवऱ्याचा दंड धरून त्याला खोक्यापाशी नेलं. दुकानदारही मागून आला, कारण असली गंमत तो कशी चुकवणार?

"बघा. एक ओळ काढली तेव्हा तुम्ही गडद वाजवत होतात, एक काढली तेव्हा फिकट. आता सांगा कुठली कुठली ते. चाळीस पांढरे ओळखता ना?"

खर्जरावांनी चष्मा वर सरकवला, मग खाली घेतला. ते वाकले, बाजूने पाहिलं, खिडकीचा उजेड येईल असं पाहिलं.

"हे केकवरचे शंख आहेत," ते हळूच म्हणाले.

"मग? इतकी वर्षं कशाच्या तालावर काढत होते मी ते?"

"माझ्या?" खर्जराव वळून बायकोकडे बघत राहिले. "तुला तर त्रास व्हायचा ना? म्हणून मी आवाज..."

"कोण म्हणालं त्रास व्हायचा?"

"तूच. रोज म्हणायचीस."

"रोज म्हणते ते खरं असतं का!" मावशी एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही वाजवायचं बंद केल्यापासून माझा एक केक धड झालेला नाही. ओटा गार पडलाय. मला करमत नाही. झालं आता समाधान?"

दुकानदार छताकडे बघायला लागला. नाक ओढत खर्जरावांनी पुन्हा त्या दोन ओळींकडे पाहिलं. "फरक नाहीच गं," ते म्हणाले. "एका केसाचाही नाही."

"मग घ्या त्यातला एक आणि चला घरी."

"हो. चल." खर्जराव बाहेर आले, दोन्ही बेससमोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला. "पण फरकच नाही म्हटल्यावर तर आणखीच... म्हणजे, कशाच्या जोरावर..."

दुकानदाराने डोक्याला हात लावला. मावशींनी मात्र लावला नाही. त्या नवऱ्याला ओळखून होत्या. त्या सरळ काउंटरपाशी गेल्या, पर्स काढून समोर ठेवली आणि खर्जरावांकडे वळल्या.

"हे बघा भाऊ," त्या म्हणाल्या, "बेस मला हवाय. पैसे माझे, भिंत माझी, गिऱ्हाईक मी. घराच्या मागच्या खोलीत ठेवायचाय. यातला कुठला देऊ करता?"

खर्जराव क्षणभर गोंधळले. मग त्यांची पाठ ताठ झाली आणि चष्मा वर सरकला.

"खोलीला खिडकी कुठे आहे?"

"एकच आहे, मागच्या बाजूला. छोटी."

"फिकट घ्या," खर्जराव म्हणाले. त्यांचं बोट आधीच पुढे गेलेलं होतं. "गडद मान त्या खोलीत संध्याकाळी हरवून जाईल, बाई. हाच घ्या. दहा वर्षांनीही मला नावं ठेवणार नाहीत."

बोलून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःशीच हसू लागले. मावशीही हसल्या. दुकानदाराने मात्र वेळ दवडला नाही. कुणाचं मन बदलायच्या आत त्याने बेस पिशवीत घालून चेन लावलीसुद्धा. निघताना म्हणाला, "काका, स्टूल तुमचंच आहे, पण आता जरा कमी या."

*

संध्याकाळी खर्जरावांनी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. पलीकडून डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटचं काय झालं असेल, याची मावशींनाच काळजी वाटली. मग खर्जरावांनी अँप उचलला आणि थेट स्वयंपाकघरात आणून ठेवला.

"आता दारबिर काही नाही," ते म्हणाले. "आता मला कळलंय की तुला आवडतं. आजपासून तुझ्यासमोर बसून वाजवणार."

मावशींना बरं वाटलं. का नाही वाटणार? केक फिरत्या चकतीवर तयार होता. त्यांनी पिशवीत क्रीम भरलं, कोपर टेकवलं. खर्जराव समोर स्टुलावर बसले, डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि सुरू झाले. तारांची टणटण आली. बोटांची खसखस आली. खर्जराव प्रत्येक ठोक्याला मान हलवत होते आणि चौथ्या ठोक्याला त्यांची एक भुवई वर जात होती. इतक्या वर्षांच्या संसारात मावशींनी ही भुवई इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. त्या भुवईकडेच बघत राहिल्या. शंख एक मोठा, एक लहान, आणि तिसरा केकवरून खाली ओट्यावर.

"अहो," त्या म्हणाल्या.

"हं? कसं वाटतंय?"

"तुम्ही आत जा. आणि दार लावा."

खर्जरावांचा चेहरा पडला. पण पडता पडता त्यांची नजर केकवर गेली, मग ओट्यावर पडलेल्या त्या शंखावर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ते उठले. अँप उचलला, बेस गळ्यात तसाच ठेवून मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मावशींनी बिघडलेले शंख खरवडून काढले, पिशवी हातात धरली, कोपर ओट्यावर टेकवलं आणि वाट बघत राहिल्या. पलीकडे काही वाजेना. खुर्ची इकडे सरकल्याचा आवाज आला. मग तिकडे सरकल्याचा. मग पुन्हा इकडे.

"खिडकीपाशी!" मावशी ओरडल्या.

खुर्ची एकदा सरकली आणि थांबली. मग ओट्यातून धुम वर आला.